सपक लोण्याची गोष्ट

आणंदचं पोल्सन बटर आंबवलेल्या सायीचं, खारट. मुंबईकरांच्या जिभेवर तीच चव बसलेली. दुधाचा भाव मात्र व्यापारी देईल तो. १९४६ मध्ये खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी १५ दिवस दूधच घातलं नाही. त्यातूनच सहकारी संघ उभा राहिला, पुढचं 'अमूल'. त्यांनी ताज्या सायीचं लोणी काढलं, तर गिऱ्हाईक म्हणालं, सपक आहे! शेवटी मीठ आणि रंग घालावाच लागला. चव गिऱ्हाईकानं ठरवली, पण संघाची मालकी शेतकऱ्याकडेच राहिली.

आमच्या तालुक्यात दूध संस्थांच्या निवडणुका मी वीस वर्षं कव्हर करतोय. पाटी सहकारी, पण आपल्या दुधाला फॅट किती लागली हे विचारायलाही सभासद कचरतो. मंडळी, तुमच्याकडे काय परिस्थिती?