घरी बसून केलेले आकाशाचे गणित

वास्कोहून निघालेली गाडी कुळ्याला घाट चढू लागते, कॅसलरॉक आणि लोंढा मागे टाकते आणि धारवाडच्या पठारावर पोचते. तिथून हुबळी हाकेच्या अंतरावर. २०१४ पासून सरकारदरबारी तिचे नाव हुब्बळ्ळी झाले असले, तरी आमच्या तोंडी हुबळीच. गोवेकरांना हा मुलूख ठाऊक आहे तो पेढ्यांमुळे आणि गाण्यामुळे. मन्सूर, गंगूबाई, सवाई गंधर्व ही नावे आम्हाला परकी नाहीत. पण याच मुलखात एका शाळामास्तराने घरी बसून ग्रहांची गणिते केली, आणि ती गणिते आज आपल्या भिंतीवरच्या पंचांगात आहेत, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

त्यांचे नाव व्यंकटेश बापूजी केतकर. जन्म १८५४ चा, नरगुंदचा. नरगुंद म्हणजे १८५८ च्या उठावात फासावर गेलेल्या बाबासाहेब भाव्यांचे संस्थान. पुढे हे गाव धारवाड जिल्ह्यात होते, १९९७ साली गदग जिल्हा वेगळा झाला तेव्हा तिकडे गेले. केतकरांची हयात मुंबई इलाख्याच्या कर्नाटक भागात शिक्षकी करण्यात गेली आणि १९३० साली विजापुरात त्यांचे निधन झाले. वेधशाळा नाही, मोठी दुर्बीण नाही, हाताखाली कारकून नाहीत. तरीही 'ज्योतिर्गणितम्' आणि 'केतकी ग्रहगणितम्' हे संस्कृत ग्रंथ त्यांनी सिद्ध केले आणि युरोपातल्या नव्या ग्रहगणिताचे आकडे आपल्या पंचांगकर्त्यांना वापरता येतील अशा रूपात आणून दिले.

आज त्यांची आठवण काढण्याचे कारण वेगळेच आहे. १९९९ च्या सुमारास जगभर एक नवे वेड सुरू झाले: घरचा संगणक रिकामा असेल तेव्हा त्याची ताकद विज्ञानाला दान करायची. कोणी त्याला वितरित संगणन म्हणतात, कोणी स्वयंसेवी संगणन. मला विचाराल तर या वेडाची मुळे संगणकाच्या कितीतरी आधीची आहेत, आणि त्यांतले एक मूळ आपल्या अंगणात आहे.

कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' रचला. त्याची खुबी अशी की ज्या-चापांची किचकट गणिते त्याने टाळली. साधी बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार येणाऱ्या गावच्या जोश्याला ग्रह काढता येऊ लागले. महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरात एवढ्या टापूत शेकडो घरांतून तीच रीत शतकानुशतके चालली. आजच्या भाषेत सांगायचे तर एकच प्रोग्राम गावोगावच्या यंत्रांवर चालू होता. उणीव एकच होती, या उत्तरांचा ताळा आकाशाशी कोणी नियमाने घेत नव्हते. चूक दरवर्षी थोडी थोडी साचत गेली आणि ग्रहणे सांगितलेल्या वेळेला लागेनात. केरो लक्ष्मण छत्र्यांनी १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' काढली ती हीच चूक दुरुस्त करायला. केतकर त्याच वाटेने पुढे गेले.

इंग्लंडात हीच गोष्ट पगार देऊन चालली होती. तिथल्या 'नॉटिकल अल्मनॅक'चे पहिले वर्ष १७६७. दर्यावर्दींना रेखांश काढण्यासाठी लागणारी चंद्राची स्थाने त्यात छापलेली असत. ही गणिते ग्रीनिचच्या वेधशाळेत होत नसत. राजज्योतिषी मॅस्किलाइन ती खेड्यापाड्यांतल्या माणसांना घरी पाठवी. लडलो गावची मेरी एडवर्ड्‌स ही बाई त्यांतलीच. या माणसांना 'कॉम्प्यूटर' म्हणत. यंत्राला ते नाव फार नंतर मिळाले. प्रत्येक महिन्याचे गणित दोघांनी एकमेकांना न विचारता करायचे आणि तिसऱ्याने दोन्ही उत्तरे ताडून पाहायची, असा नियम होता. १७७० च्या सुमारास कीच आणि रॉबिन्स हे दोघे लंडनकर एकमेकांची उत्तरे उतरवून घेताना पकडले गेले आणि कामावरून गेले. दोघांची चूक एकच असेल तर ताडून पाहणारा तरी काय करणार?

आता आपल्या काळात येऊ. १७ मे १९९९ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेतून 'सेटी ॲट होम' सुरू झाले. पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीने टिपलेला आवाज टेपांवर भरून बर्कलेला जाई. तिथे त्याचे तुकडे करून ते घरोघरच्या संगणकांवर पाठवले जात. कुठे परग्रहावरच्या कोणाची हाक ऐकू येते का, हे संगणकाने शोधायचे. एक तुकडा सुमारे १०७ सेकंदांच्या आवाजाचा, आकाराने साडेतीनशे किलोबाइटच्या आत-बाहेर. आपल्याकडच्या डायलअप जोडणीला हे फारच सोयीचे होते. दोन-तीन मिनिटे फोन लावायचा, तुकडा उतरवायचा, फोन बंद करायचा. मग यंत्र कित्येक तास, कधी दिवसरात्र, एकटेच हिशेब करत बसे. पन्नास लाखांहून अधिक लोक यात नोंदले गेले.

यातून घरचा संगणक 'बांधण्याचा' छंद वाढला. मडगाव, बेळगाव, हुबळी अशा गावांत तेव्हा कंपनीचा तयार संगणक घेणारे थोडे, असेंबल्ड घेणारे फार. मदरबोर्ड एकाचा, कॅबिनेट दुसऱ्याचे, मॉनिटर तिसऱ्याचा. शौकिनांमध्ये १९९८ च्या सेलेरॉन ३०० ए या प्रोसेसरची ख्याती होती. त्याच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झ केला की ३०० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर ४५० ने पळे, तोही जादा पैसा न मोजता. मात्र वेगाबरोबर उष्णता वाढते, आणि व्होल्टेज वाढवले तर त्याच्या वर्गाच्या पटीत वाढते. मग मोठा हीटसिंक बसवा, थर्मल पेस्ट नव्याने लावा, पंख्यावरची धूळ झाडा. आमच्या किनारपट्टीवर दमट हवेने मेमरीच्या पट्ट्या गंजत, त्या खोडरबरने घासून पुन्हा बसवायच्या. पठारावर त्रास धुळीचा. स्वस्तातला एसएमपीएस आणि खालीवर होणारी वीज यांचा जाच दोन्हीकडे.

या शौकिनांनी एक गोष्ट लवकर ओळखली. यंत्र बंद पडले तर निदान कळते. पण तापलेले यंत्र बंद न पडता चुकीचे उत्तर देत राहिले तर? पडद्यावर सगळे ठीक, आकडा मात्र खोटा. इथे १९९६ साली जॉर्ज वोल्टमनने सुरू केलेली मर्सेन मूळसंख्यांची शोधमोहीम उपयोगी पडली. तिच्या 'प्राइम ९५' या प्रोग्रामला एकाच संख्येसाठी आठवडेच्या आठवडे गणित करावे लागे आणि मध्ये एक बिट जरी चुकला तरी सारी मेहनत पाण्यात. म्हणून त्यात यंत्राची कसोटी घेणारी सोय ठेवली होती. ज्यांना मूळसंख्यांशी काही देणेघेणे नव्हते तेही संगणक बांधून झाला की रात्रभर 'प्राइम ९५' लावून ठेवत. सकाळपर्यंत चूक निघाली नाही तर यंत्र पास. २०१६ च्या जानेवारीत तर याच प्रोग्रामच्या वापरकर्त्यांमुळे इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरातला दोष उघडकीला आला आणि कंपनीला तो मान्य करून दुरुस्ती द्यावी लागली.

माणसाचा लोभही आला. सेटीमध्ये कोणी किती तुकडे सोडवले याची क्रमवारी लागे. ती वर नेण्यासाठी काहींनी प्रोग्रामात फेरफार करून खोटी उत्तरे पाठवली. उपाय मॅस्किलाइनचाच निघाला: एकच तुकडा वेगवेगळ्या घरी पाठवायचा आणि उत्तरे जुळली तरच स्वीकारायची. कीच आणि रॉबिन्सनंतर सव्वादोनशे वर्षांनी तोच रोग आणि तेच औषध! या नियमाचे गोड फळ २०१० साली 'आइन्स्टाइन ॲट होम'ला मिळाले. अरेसिबोच्या आकड्यांतून एक नवा पल्सार सापडला. तो एकाच घरी नव्हे, अमेरिकेत आयोवातल्या कोल्विन दांपत्याच्या आणि जर्मनीत माइन्त्स इथल्या डॅनियल गेबहार्टच्या अशा दोन संगणकांवर सापडला, म्हणून त्यावर विश्वास ठेवता आला. शोधाचे श्रेय त्या तिघांच्या नावे नोंदले गेले.

परग्रहावरची हाक मात्र ऐकू आली नाही. ३१ मार्च २०२० रोजी सेटी ॲट होमने नवे तुकडे पाठवणे थांबवले. त्याच वर्षी १ डिसेंबरला अरेसिबोची दुर्बीण कोसळली. मग एकवीस वर्षे जळलेली वीज आणि लोकांची हौस वाया गेली का?

याचे उत्तर शोधताना मला केतकर आठवतात. १९११ साली फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत त्यांचा लेख आला. नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे त्यांनी मांडले आणि त्यांना ब्रह्मा आणि विष्णू अशी नावे दिली. ब्रह्म्याचे सूर्यापासूनचे अंतर त्यांनी पृथ्वीच्या ३८.९५ पट काढले आणि प्रदक्षिणाकाल २४२.२८ वर्षे. १९३० साली, त्यांच्या निधनाच्याच वर्षी, प्लूटो सापडला: अंतर सुमारे ३९.५ पट, काल सुमारे २४८ वर्षे. वाचून ऊर अभिमानाने भरून येतो, पण खरे सांगायला हवे. गुरूच्या उपग्रहांच्या गतींत लाप्लासला जो मेळ दिसला तोच दूरच्या ग्रहांत असेल असे केतकरांनी धरले होते, आणि ते गृहीत चुकीचे होते. विष्णू कधी सापडलाच नाही. प्लूटोशी जुळलेला आकडा हा योगायोगच म्हणावा लागतो.

पण केतकरांचे मोठेपण ब्रह्म्यावर अवलंबून नाही. राशिचक्राचा आरंभ चित्रा तारा धरून ठरवावा असा पक्ष त्यांनी आकडेमोड करून मांडला. लोकमान्य टिळक रेवतीपक्षाचे, म्हणजे समोर किती वजनदार माणूस होता ते लक्षात घ्या. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने अखेर चित्रापक्षच स्वीकारला. गोव्यातल्या घराघरांत चवथीचा मुहूर्त ज्या दाते पंचांगात पाहतात तेही चित्रापक्षीय. नरगुंदच्या मास्तरांचे गणित असे दरवर्षी माटोळीखाली येऊन बसते.

सेटीचेही तसेच झाले. त्यासाठी बर्कलेत बांधलेली 'बॉइंक' ही व्यवस्था हवामान, औषधे, पल्सार अशा कितीतरी कामांना लागली. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या विषाणूची प्रथिने तपासायला लोक 'फोल्डिंग ॲट होम'कडे धावले, तेव्हा सगळ्यांची मिळून ताकद सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या क्रियांवर गेली. आपल्या जुन्या मोजणीत दहा परार्ध. तोवर कोणत्याही एका महासंगणकाला ते साधले नव्हते.

आजही ही दारे उघडी आहेत. घरात पडून असलेला संगणक लावायचा असेल तर आधी विजेचा हिशेब करावा. शंभर वॅटचे यंत्र चोवीस तास चालले तर महिन्याला ७२ युनिटे होतात. धूळ झाडावी, वेग वाढवण्याचा मोह आवरावा, आणि एक रात्र 'प्राइम ९५' चालवून यंत्र खरे बोलते की नाही ते पाहावे. मगच त्याचे उत्तर जगाला द्यावे.