दगडातील चुंबकत्व आणि वनस्पतींची पेशी

पोलादपूरकडून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरास चढून जाणाऱ्या प्रवाशाचे लक्ष बहुधा दरीकडे असते; कड्यांच्या काळ्या दगडाकडे क्वचितच जाते. परंतु या दगडात पृथ्वीच्या इतिहासाचे एक विलक्षण पान लिहिलेले आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तप्त शिलारसाचे लोट एकावर एक पसरले आणि त्यांतून सह्याद्रीचे हे थर बनले. शिलारस थंड होत असता त्यातील लोहखनिजाचे सूक्ष्म कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेस अनुसरून चुंबकित झाले आणि तसेच थिजून राहिले. घाटातील खालच्या थरांतील चुंबकत्व आजच्या मानाने उलट दिशेचे आहे. महाबळेश्वरच्या माथ्याजवळच्या थरांत ते आजच्यासारखे सुलट आहे. म्हणजे हा डोंगर रचला जात असताना पृथ्वीच्या चुंबकाचे ध्रुव पालटले, आणि त्याची साक्ष दगडाने आजवर जपून ठेवली.

ज्या क्षेत्राने ही नोंद केली ते किती दुर्बळ असते? आपल्या प्रांती त्याचे बळ अवघे 0.4 गॉस आहे. खेळण्यातल्या लोहचुंबकाचेही याहून शेकडोपट असते. इतक्या क्षीण प्रेरणेची खूण जड दगडात उमटते, तर त्याच दगडाच्या मातीवर वाढणाऱ्या सजीव वनस्पतीच्या पेशीस तिची काहीच जाणीव होत नसेल काय? हा प्रश्न कल्पनाविलासाचा नाही. त्याचा इतिहास पावणेतीनशे वर्षांचा असून त्यात मोठमोठ्यांच्या आशा व निराशा गुंतल्या आहेत.

अठराव्या शतकात घर्षणाने वीज निर्माण करण्याची यंत्रे युरोपात प्रचारात आली, तेव्हाच रोपांना वीज दिल्यास ती जोमाने वाढतात असा समज पसरला. 1783 साली बर्तोलों या फ्रेंच धर्मोपदेशकाने वनस्पती व वीज यांवर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. पुढे फिनलंडचे लेमस्ट्रॉम यांनी उत्तर ध्रुवाकडील प्रदेशात वनस्पतींची जोमदार वाढ पाहून तिचा संबंध तेथील ध्रुवीय प्रकाशाशी जोडला, आणि 1885 पासून शेतावर विद्युद्भारित तारा ताणून प्रयोग केले. इंग्लंडमध्ये सरकारने 1918 साली या कामासाठी एक समितीही नेमली. अठरा वर्षे प्रयोग चालले. परंतु एका वर्षी पीक वाढे, तर दुसऱ्या वर्षी काहीच फरक दिसेना. अखेर 1936 साली समितीने काम आटोपले. शेतकऱ्याने खर्च करावा असा भरवशाचा लाभ हाती आला नाही.

याहून निराळ्या वाटेने गेले ते आचार्य जगदीशचंद्र बसू. वनस्पतीवर वीज ओतण्याऐवजी वनस्पतीच्या अंगी स्वतःची वीज आहे काय, हे त्यांनी पाहिले. कीटकभक्षक वनस्पतीच्या पानास स्पर्श होताच त्यात विजेची लाट उठते, हे बर्डन-सँडरसन यांनी 1873 साली दाखविले होतेच. परंतु साध्या भाजीपाल्यातही असा प्रतिसाद मिळतो, असे बसूंनी 6 जून 1901 रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले, तेव्हा खुद्द बर्डन-सँडरसन यांनीच आक्षेप घेतला. तो निबंध त्या वेळी छापला गेला नाही. बसू डगमगले नाहीत. 1917 साली त्यांनी कलकत्त्यास आपले संशोधन मंदिर स्थापिले, आणि वनस्पतीची वाढ एक कोटीपट मोठी करून दाखविणारे यंत्र सिद्ध केले. 1920 साली त्याच सोसायटीने त्यांना आपले सभासद करून घेतले. आज सामान्य वनस्पतींतील विजेचे स्पंदन हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते.

बसू हे बिनतारी लहरींचेही आद्य संशोधक. 1919 साली त्यांनी या दोन्ही अभ्यासांची सांगड घातली आणि बिनतारी लहरींनी वनस्पतींच्या वाढीवर परिणाम होतो, सौम्य लहरींनी ती वाढते व तीव्र लहरींनी मंदावते, असे प्रसिद्ध केले. दुर्बळ विद्युत्‌चुंबकीय क्षेत्रे व वनस्पती या विषयाचा आधुनिक आरंभ येथून धरावयास हरकत नाही.

मात्र अशा प्रयोगात एक मोठी अडचण असते, आणि तिचा उत्तम दाखला महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापे घेतली जात. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरताच, त्यांच्या प्रवाहाने नाजूक चुंबकसूची ढळतील हे ध्यानी आले. तेव्हाचे प्रमुख मूस यांच्या देखरेखीखाली 1904 साली अलिबागेस नवी वेधशाळा उभी राहिली. तिच्या इमारतीस लोखंड वर्ज्य होते, आणि दगडही पारखून, चुंबकरहित असा पोरबंदरचा आणला. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी मापे घेऊन ती ताडून पाहिली, म्हणजे जुन्या व नव्या नोंदींचा धागा तुटला नाही. 1907 साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, त्या आधीच चुंबकमापन सुरक्षित झाले होते. जी खबरदारी निर्जीव सूचीसाठी घ्यावी लागली, ती सजीव रोपासाठी किती अधिक घ्यावी लागेल! दिव्याची उष्णता, ओलावा, बियांची प्रत यांतील अल्पसा फरकही क्षेत्राच्या परिणामाचा भास उत्पन्न करू शकतो.

आता पेशीच्या आत काय घडते ते पाहू. पेशीच्या पातळ पटलाच्या दोन बाजूंस सुमारे 0.15 व्होल्टचा विद्युत्‌दाब असतो. दाब लहान, पण पटलाची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाहूनही कमी. म्हणून त्या पटलातील क्षेत्राची तीव्रता दर मीटरास सुमारे दोन कोटी व्होल्ट भरते. निरभ्र दिवशी जमिनीजवळच्या हवेतील क्षेत्र दर मीटरास शंभर व्होल्टच्या आसपास असते, आणि पाणी हे विजेचे वाहक असल्याने त्याचाही फार थोडा अंश ओलसर पानाच्या आत शिरतो. लाजाळूचे पान मिटते ते पेशीतील क्षारांचे कण पटलाची दारे उघडून वाहू लागतात म्हणून. ती दारे बाहेरच्या इतक्या क्षीण क्षेत्राने उघडतील ही अपेक्षा कठीणच.

चुंबकीय क्षेत्राची गोष्ट आणखी नाजूक आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाची एका परमाणूवरील ऊर्जा उष्णतेच्या स्वाभाविक धडपडीहून सुमारे एक कोटीपट लहान. यामुळे अनेक पदार्थवेत्त्यांनी हा प्रश्न निकालात काढला होता. परंतु 1978 साली शुल्टेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी वाट सुचविली: प्रकाशामुळे उत्पन्न होणाऱ्या अल्पायुषी रासायनिक जोड्यांत इलेक्ट्रॉनांच्या भ्रमणदिशा क्षीण क्षेत्रानेही बदलू शकतात, कारण तेथे ऊर्जेच्या धक्क्याची गरज नसते. निळा प्रकाश ओळखणारे क्रिप्टोक्रोम हे प्रथिन वनस्पतीत सापडल्यावर, 1993 नंतर, ही कल्पना अधिक मूर्त झाली.

2007 साली मार्गारेट अहमद व सहकाऱ्यांनी मोहरीच्या कुळातील अ‍ॅराबिडॉप्सिस या लहानशा रोपावर पृथ्वीच्या सुमारे दहापट क्षेत्राचा प्रयोग केला आणि क्रिप्टोक्रोमवर अवलंबून असलेल्या वाढीत फरक दिसल्याचे सांगितले. 2009 साली दुसऱ्या गटाने तोच प्रयोग अधिक काटेकोरपणे करून पाहिला; तो परिणाम त्यांना आढळला नाही. विज्ञानात हा अपमान मानत नाहीत. कसोटी म्हणजे हीच.

येथे पुन्हा महाबळेश्वरचा दगड उपयोगी पडतो. ध्रुव पालटताना पृथ्वीचे क्षेत्र काही हजार वर्षे आजच्याहून पुष्कळ दुर्बळ होते, तरी वनस्पतिसृष्टी त्यातून तरून आली. यावरून क्षेत्राचा काहीच परिणाम होत नाही असे सिद्ध होत नाही. पण वनस्पतीचे जगणेच त्यावर अवलंबून आहे, असा दावा करणाऱ्यास मात्र याचे उत्तर द्यावे लागेल.

हा वाद निव्वळ पंडितांचा नाही. चुंबक बांधून पाणी गोड करू, पीक दुप्पट करू, अशा जाहिराती खेड्यापाड्यांतून फिरतात, आणि स्ट्रॉबेरी पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा एक हंगाम म्हणजे त्याच्या घराची वर्षाची पोटगी असते. महाबळेश्वरच्या गहू तांबेरा संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी वाणांची पारख करताना जी पद्धत वापरतात तीच येथे लागू आहे: एकाच मातीत, एकाच हवेत, शेजारी शेजारी दोन वाफे करावे, एकात उपाय करावा, दुसरा तसाच ठेवावा, आणि वर्षानुवर्षे मोजावे. बसूंना लंडनमध्ये नाकारल्यावरही ते जिंकले, याचे कारण त्यांचे प्रयोग पुनःपुन्हा करता आले. दुर्बळ क्षेत्राच्या उपायांनाही हीच कसोटी लावावी, आणि ती उतरेपर्यंत शेतकऱ्याने गाठीचा पैसा गाठीसच ठेवावा.