तांब्याचा पत्रा आणि बिनतारी संदेश

हैदराबादच्या बेगम बाजाराची ख्याती घाऊक व्यापाराची. सुकामेवा, मसाले आणि तांब्यापितळेची भांडी यांसाठी ही पेठ पिढ्यान्‌पिढ्या ओळखली जाते. आसफजाही घराण्यातील हमदा बेगम यांनी ही जागा व्यापाऱ्यांना दिली आणि त्यावरून पेठेस हे नाव पडले, असे सांगतात. येथे तांबे विकले जाते ते घागर-घंगाळाच्या रूपाने. त्याच धातूचा केसाहूनही पातळ थर विसाव्या शतकात बिनतारी संदेश वाहू लागला. त्याची हकीगत मोठी उद्बोधक आहे.

बिनतारी संदेशाशी हैदराबाद शहराचा परिचय जुना आहे. १९३५ साली निजाम सरकारने येथील खाजगी ध्वनिक्षेपण केंद्र आपल्या ताब्यात घेतले आणि १९३९ साली सरूरनगर येथे ५ किलोवॅट शक्तीचे नवे यंत्र बसविले. या केंद्राच्या लहरींची लांबी सुमारे चारशे मीटर होती. अँटेना लहरीच्या लांबीच्या निम्मा किंवा पाव असला म्हणजे तो उत्तम काम करतो, असा निसर्गाचा नियम आहे. अर्थात अशा लहरींसाठी उंच मनोरे उभारावे लागत, आणि तो खर्च राजसत्तेलाच झेपे. मराठवाड्याचे पाचही जिल्हे तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने युद्धविराम जाहीर केला तोही रेडिओवरूनच. १९५० साली हे केंद्र आकाशवाणीत विलीन झाले.

लहर आखूड झाली की अँटेनाही लहान होतो. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या निमित्ताने काही सेंटिमीटर लांबीच्या लहरी सर्रास वापरात आल्या. परंतु कर्णे आणि तबकड्या या आकारांचे त्यांचे अँटेना विमानाच्या किंवा अग्निबाणाच्या अंगाबाहेर डोकावत आणि वाऱ्याला अडथळा करीत. अँटेना पृष्ठभागाशी सपाट चिकटविता आला तर? ही कल्पना १९५३ साली अमेरिकेत जॉर्ज देशां यांनी मांडली. १९५५ साली गुतों आणि बेसिनो यांनी फ्रान्समध्ये तिचे पेटंट घेतले. तथापि पुढे जवळजवळ दोन दशके ती कागदावरच राहिली.

तांब्याची वाण तर नव्हतीच. उणीव होती ती तांब्याखालच्या थराची. या अँटेनात विद्युत्‌रोधक फळीच्या खालच्या बाजूस अखंड तांबे असते आणि वरच्या बाजूस तांब्याचा चौकोनी तुकडा. फळी हलक्या प्रतीची असली की लहरींची बरीच शक्ती तिच्यातच उष्णता होऊन वाया जाते. ऊर्जा फार न गिळणाऱ्या, एकसारख्या जाडीच्या, तांबे मढविलेल्या फळ्या मिळू लागल्या आणि तांबे रसायनाने खोदून हवा तो आकार उरविण्याची छपाईची रीत रुळली, तेव्हाच १९७० नंतर मन्सन आणि हॉवेल यांनी हे अँटेना व्यवहारात आणले. यालाच मायक्रोस्ट्रिप पॅच अँटेना म्हणतात.

या तुकड्याची लांबी फळीच्या आतील लहरीच्या निम्मी ठेवतात. वाय-फायच्या २.४५ गिगाहर्ट्‌झ कंप्रतेची लहर मोकळ्या हवेत सुमारे १२ सेंटिमीटर असते. काच-इपॉक्सीच्या फळीत ती आखूड होते आणि तुकडा अवघ्या २९ मिलिमीटरांचा पुरतो. लहरी बाहेर पडतात त्या त्याच्या दोन समोरासमोरच्या कडांपासून.

खरी परीक्षा पुढेच आहे. या तुकड्याला विद्युत्‌शक्ती पुरवावी कोठून? कडेशी रोध सर्वांत जास्त आणि मध्यावर शून्य असतो. कडेशी तो २०० ओहम असेल आणि पुरवठ्याची तार ५० ओहमची असेल, तर कडेपासून लांबीच्या एक-तृतीयांश अंतरावर, म्हणजे सुमारे दहा मिलिमीटर आत, दोहोंचा मेळ बसतो. जागा चुकली की शक्ती आल्या वाटेने परत फिरते. म्हणून कोणी तुकड्यात खाच पाडून पट्टी आत नेतात, तर कोणी खालून भोक पाडून टाचणी जोडतात. १९८५ साली डेव्हिड पोझार यांनी तिसरा मार्ग दाखविला: पट्टी फळीच्या मागेच ठेवून मधल्या तांब्यातील फटीतून, स्पर्शावाचून, शक्ती पोचवावयाची.

गुणांबरोबर एक मोठा दोषही होता. साधा पॅच फार अरुंद पट्ट्यात, मध्य कंप्रतेच्या आसपास काही थोड्या टक्क्यांपुरताच, नीट काम करतो. हा पट्टा रुंदावण्याच्या कामात महाराष्ट्राचाही वाटा आहे. १९७७ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सूक्ष्मलहरींच्या उपकरणांसाठी एक विभाग निघाला. त्यातूनच १९८४ साली पवईला ‘समीर’ ही संस्था उभी राहिली. तेथील के. पी. रे आणि पवईच्याच आयआयटीतील गिरीश कुमार यांनी लिहिलेला रुंद पट्ट्याच्या मायक्रोस्ट्रिप अँटेनांवरील ग्रंथ २००३ साली प्रसिद्ध झाला. मुख्य तुकड्याशेजारी किंवा त्याच्यावर थोडे अंतर राखून दुसरे तुकडे ठेवले, तर पट्टा रुंदावतो. अशा रचनांचा विचार त्यात विस्ताराने आला आहे.

आज मालवाहू मोटारीला उपग्रहाच्या साह्याने आपले ठिकाण कळते ते बहुधा चिनी मातीसारख्या वडीवर बसविलेल्या अशाच एका तुकड्यामुळे. एके काळी ज्या साधनासाठी संस्थानाचा खजिना लागे, ते आज सामान्य वाहनचालकाच्या गाडीत असते. हे स्थित्यंतर एका बुद्धिमान कल्पनेने घडले, असे म्हणणे अपुरे ठरेल. कल्पना १९५३ सालीच सुचली होती आणि तांबे तर युगानुयुगे माणसाच्या हाती होते. वाट पाहावी लागली ती तांब्याखालच्या त्या साध्या फळीची, आणि ती करणाऱ्या कारागिरांची नावे इतिहासात क्वचितच येतात.