मुकुटाचं वजन बरोबरच होतं

आमच्या गावाला जाताना मिरज स्टेशनवर गाडी बदलावी लागायची. गाडीला वेळ असला की बाबा मला वजनाच्या मशीनकडे न्यायचे. रंगीत दिवे, आत गरगर फिरणारी चकती आणि नाणं टाकलं की खळ्‌कन पडणारं जाड पुठ्ठ्याचं तिकीट. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. मला भविष्यात रस, बाबांना वजनात. ती तिकिटं ते पाकिटात जपून ठेवायचे. ६२, ६२, ६३, ६२. "बघ, लग्नात होतो तेवढाच आहे अजून," असं आईला ऐकवायचे.

आई त्यावर काही बोलायची नाही. ती दर दोन-तीन वर्षांनी बाबांच्या पँटची मागची शिवण उसवायची आणि शिंप्याने आत सोडलेली माया थोडी थोडी बाहेर काढायची. माया संपली की नवी पँट.

४७ व्या वर्षी बाबांना मधुमेह निघाला. "मला? मी तर बारीक माणूस!" हे त्यांचं पहिलं वाक्य होतं. त्याआधी ज्या डॉक्टरांकडे ते वर्षानुवर्षं जात होते, त्यांनीही प्रत्येक वेळी काट्यावर उभं करून "वजन उत्तम" असंच सांगितलं होतं. पोटाला टेप कुणी लावली नव्हती.

हे सगळं मला आठवलं ते या वर्षी, माझ्याच बाबतीत उलटं घडलं तेव्हा. जानेवारीत जिम सुरू केली. वजनं उचलणं, चालणं, जेवणात डाळ-अंडी वाढवणं, सगळं इमानदारीत. पहिल्या दिवशी काटा ६८ किलो. एप्रिल संपताना काटा ६८ किलो. फी परत मागायच्या बेतात होते. त्याच आठवड्यात चुलतभावाच्या लग्नासाठी ड्रेस शिवायला टाकला. शिवणाऱ्या काकूंनी माप घेतलं, वहीतलं जुनं पान काढलं आणि पुन्हा माप घेतलं. "अगं, कंबर दीड इंच कमी भरतेय. आजारी होतीस का?"

वजन तेवढंच, माप मात्र वेगळं. मग यात खरं कोण, काटा की टेप? हा प्रश्न कुणाकुणाला पडला होता ते शोधायला बसले, तर निघालं की तो दोन हजार वर्षांहून जुना आहे आणि सुरुवात एका सोनाराच्या लबाडीपासून होते.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे. सिराक्यूजच्या हिएरो राजाने सोनाराला सोनं तोलून दिलं. सोनाराने मुकुट करून आणला. तोही तेवढ्याच वजनाचा भरला. पण सोन्यात चांदी मिसळल्याची कुजबुज सुरू झाली आणि राजाने आर्किमिडीजला कामाला लावलं. आपण शाळेत फक्त 'युरेका' म्हणत नागवं धावणं लक्षात ठेवतो. या गोष्टीतली खरी मेख अशी की *मुकुटाचं वजन बरोबरच होतं*. तराजू खोटं बोलत नव्हता, त्याला प्रश्नच चुकीचा विचारला जात होता. चांदी सोन्यापेक्षा हलकी, म्हणून तेवढ्याच वजनाला जागा जास्त लागते. मुकुट पाण्यात बुडवला तेव्हा तेवढ्याच वजनाच्या सोन्यापेक्षा जास्त पाणी सांडलं.

ही कथा आपल्याला मिळते ती व्हिट्रुव्हियस या रोमन स्थापत्यकाराकडून, आणि त्याने ती घटनेनंतर सुमारे दोनशे वर्षांनी लिहिली. त्यामुळे तपशील किती खरे यावर वाद आहेत. गॅलिलिओलाही सांडलेलं पाणी मोजण्याची पद्धत ढोबळ वाटली होती. १५८६ साली, विशीतच असताना, त्याने एक छोटा निबंध लिहून सुचवलं की वस्तू पाण्यात बुडवूनच तोलावी. पाण्यात ती किती हलकी होते, त्यावरून आतला माल कळतो.

माणसाला असं पाण्यात तोलायची गरज मात्र २० व्या शतकात पडली, आणि तीही सौंदर्यासाठी नव्हे. पाणबुड्यांचा जीव वाचवण्यासाठी.

अल्बर्ट बेन्की हा अमेरिकन नौदलातला डॉक्टर. खोल पाण्यात गेलेल्या माणसाच्या शरीरात दाबामुळे नायट्रोजन विरघळतो. तो घाईने वर आला, तर त्याचे बुडबुडे होतात, सोड्याची बाटली उघडल्यासारखे. सांधे आवळतात, लकवा मारतो, माणूस मरतोही. चरबीत पाण्यापेक्षा साधारण पाचपट नायट्रोजन विरघळतो. म्हणजे कुणाच्या अंगात चरबी किती हे कळणं हा बेन्कीसाठी फॅशनचा नाही, सुरक्षेचा प्रश्न होता. मे १९३९ मध्ये 'स्क्वेलस' ही पाणबुडी समुद्रात सुमारे २४० फूट खाली जाऊन बसली, तेव्हा ३३ जणांना जिवंत वर काढलं गेलं. त्या मोहिमेतल्या डॉक्टरांमध्ये बेन्की होता.

त्याची पद्धत साधी होती, भोगणाऱ्याला मात्र त्रासाची. माणसाला आधी जमिनीवर तोलायचं. मग काट्याला टांगून पाण्यात सोडायचं. त्याने फुप्फुसातली सगळी हवा बाहेर टाकायची, डोकं बुडवायचं आणि काटा स्थिर होईपर्यंत तसंच राहायचं. फुप्फुसात उरतेच ती थोडी हवा हिशेबातून वजा करायची. चरबीची घनता पाण्याहून कमी, एका घनसेंटिमीटरला साधारण ०.९ ग्रॅम. बाकी शरीराची साधारण १.१. चरबी जास्त असलेला माणूस पाण्यात जास्त हलका होतो. आर्किमिडीजचाच मुकुट, फक्त या वेळी मुकुट श्वास रोखून बसलेला.

१९४२ मध्ये बेन्की आणि वेल्हॅम यांनी २५ व्यावसायिक फुटबॉलपटूंना असं तोललं. अमेरिकन फुटबॉल, म्हणजे एकमेकांवर आदळणारे धिप्पाड गडी. युद्ध चालू होतं, सैन्यभरतीत उंची-वजनाचे तक्ते वापरले जात होते. त्या तक्त्यांनुसार २५ पैकी १७ जण वजन जास्त म्हणून सैन्याला अपात्र ठरले असते. पाण्यातल्या काट्याने सांगितलं की त्यांच्या अंगात चरबी कमीच आहे. वजन होतं ते स्नायूंचं.

आणि गंमत पाहा, त्याच काळात मेट्रोपॉलिटन लाइफ ही विमा कंपनी आपले 'आदर्श वजना'चे तक्ते घरोघरी पोहोचवत होती. कुणाचा विमा किती धोक्याचा हे ठरवायला केलेले आकडे दवाखान्यांच्या भिंतींवर लागले. जिंकले तक्ते. माझ्या मते त्याचं कारण विज्ञानात नाही, सोयीत आहे. काटा कुठेही ठेवता येतो. टाकीत बुडायला कोण तयार होणार?

आज आपल्या फोनमध्ये बसलेला बीएमआयही असाच. किलोतलं वजन, भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हे सूत्र अडॉल्फ केटले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाचं, १८३० च्या दशकातलं. त्याला लठ्ठपणाशी देणंघेणं नव्हतं, तो 'सरासरी माणूस' शोधत होता. १९७२ मध्ये अॅन्सेल कीज आणि सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून जास्त पुरुषांची मापं तपासली आणि त्या सूत्राला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं. मोठ्या समूहाचा अंदाज घ्यायला ते बरं आहे. एका माणसाला मात्र ते, त्याचं वजन कशाचं आहे, हे सांगू शकत नाही.

हे सगळ्यात स्पष्ट दाखवलं ते पुण्यातल्या एका डॉक्टरने, स्वतःचंच शरीर पुढे करून. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, हे दोघे मधुमेहाचे अभ्यासक. जानेवारी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा एक फोटो छापून आला. दोघं शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय २२.३. एक्स-रेच्या डेक्सा तपासणीत युडकिन यांची चरबी निघाली ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरावरून त्याला 'वाय-वाय विरोधाभास' म्हणतात. त्याआधी पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या बाळांच्या अभ्यासातही हेच दिसलं होतं. सरासरी २.७ किलोची किरकोळ बाळं, इंग्लंडमधल्या ३.५ किलोच्या बाळांपेक्षा हातापायांनी काटकुळी, पण त्वचेखालची चरबी मात्र बऱ्यापैकी टिकवून असलेली.

मी मोबाइलवर बाबांचा हिशेब केला. ६२ किलो, उंची १६८ सेंटिमीटर. बीएमआय २२. एकदम 'नॉर्मल'. त्या २०-२५ वर्षांत त्यांच्या हातापायांचे स्नायू हळूहळू ओसरत होते आणि पोटात चरबी साठत होती, किलोला किलो. तिकीट म्हणत होतं ६२. सोनार आत चांदी मिसळत होता.

माझ्यात तोच व्यवहार उलट्या दिशेने चालला होता. इथे जिमवाल्यांच्या त्या प्रसिद्ध चित्राबद्दल एक सांगायला हवं. चरबीचा पिवळा ढीग अवाढव्य आणि शेजारी तेवढ्याच वजनाचा स्नायूंचा लाल तुकडा मुठीएवढा. ते चित्र फुगवलेलं आहे. २ किलो चरबी म्हणजे साधारण २.२ लिटर, २ किलो स्नायू म्हणजे साधारण १.९ लिटर. फरक दीड पेला पाण्याचा. दीड पेल्याने ड्रेस सैल होत नाही. होतो तो जागा बदलल्यामुळे. चरबी पोटाकंबरेवरून गेली, स्नायू मांड्यांवर, पाठीवर, खांद्यांवर पसरून आले. काकूंच्या वहीत तेही होतं. खांद्याचं माप पाव इंचाने वाढलं होतं, मीच ते आधी वाचलं नव्हतं.

फी परत मागितली नाही. मेमध्ये घरी गेले. बाबा आता ६१ वर्षांचे, गोळ्या चालू, वजन ६२. आईच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधून टेप काढली. वापरून वापरून तिचे पहिले आकडे पुसून गेले आहेत. भारतीय पुरुषासाठी कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी बनियन वर केला आणि छाती फुगवून ताठ उभे राहिले.

"बाबा, पोट आत ओढू नका."

"नाही ओढलं."

"ओढलंय. श्वास सोडा."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, हसले आणि श्वास सोडला.

"९४," मी म्हणाले.

"लिहून ठेव," आई म्हणाली.