एकोणीस एके

नागपुराहून मुंबईस जाणारी गाडी नाशिकरोड सोडून निघाली की देवळाली लागते आणि घाट उतरून कल्याण मागे पडले की डोंबिवली. सामान सांभाळण्याच्या नादात ही स्टेशने कुणाच्या ध्यानात राहत नाहीत. अंकांच्या इतिहासात मात्र दोहोंनाही जागा आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले आणि पुढल्याच वर्षी देवळालीस मास्तरकी धरली, ती १९६२ पर्यंत. संख्यांच्या एका कुळाची कल्पना त्यांना डोंबिवली स्टेशनावर सुचली, म्हणून स्टेशनाच्याच नावावरून त्यांनी त्या कुळाला ‘डेम्लो’ म्हटले. त्यांतल्या सर्वांत देखण्या संख्या नुसत्या एकांच्या वर्गातून निघतात. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१! दहाव्या एकाला हातचा येतो आणि नक्षी मोडते.

पुष्कळ पंडितांना हा पोरखेळ वाटला. पण याच एकांच्या रांगेपुढे मोठमोठे गणिती घाम गाळीत होते. त्यांचा प्रश्न असा, की यांतली मूळ संख्या कोणती, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेच भाग न जाणारी?

घरातल्या मुलांच्या हाती पाटी द्या. ११ मूळ आहे. सहा एकांचे तीन-तीनचे दोन गट पाडले की १११ ने भाग जातोच. तेव्हा एकांची गणती स्वतः मूळ असावी लागते. पण तेवढ्याने भागत नाही. १११ म्हणजे ३ गुणिले ३७, पाच एक म्हणजे ४१ गुणिले २७१, सात एक म्हणजे २३९ गुणिले ४६४९. आता २३९ आणि ४६४९ यांना साताच्या दुपटीने, १४ ने, भागून पाहा. दोन्हीकडे बाकी १! ४१ व २७१ यांना १० ने भागा, तीच तऱ्हा. (३ तेवढा अपवाद.) हा योगायोग नव्हे, नियमच आहे.

एकोणीस एकांची संख्या घेतली तर विभाजक एक अब्जाच्याही पुढपर्यंत शोधावे लागतात. नियमामुळे ३८ ने भागून १ उरणारेच तपासायचे, तरी ते कोट्यवधी होतात. ती संख्या मूळ असल्याचे १९१६ साली ऑस्कर हॉपे यांनी सिद्ध केले. तेवीस एकांचा निकाल १९२९ साली, कापरेकर पदवीधर झाले त्याच वर्षी, लेहमर आणि क्रायचिक यांनी वेगवेगळा लावला.

मास्तरांचे नाव जगभर झाले ते मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिले तेव्हा. आम्हा शाळामास्तरांना याचा आनंद व्हावा, तशी थोडी रुखरुखही वाटते. मुंबई देवळालीहून काही तासांच्याच वाटेवर होती.

पुढे ३१७ एकांची संख्या मूळ ठरली. १०३१ एकांची ठरली १९८६ साली, आणि त्याच वर्षी कापरेकर मास्तर देवळालीस वारले. त्यानंतरची पाळी ४९,०८१ एकांची. तिचा निकाल लागायला २०२२ साल उजाडले.