प्रमाणबद्ध ट्रक-प्रतिकृती : मोजमाप आणि दुर्मीळ भागांचा शोध

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने शिरपूरच्या दिशेने निघाले की सुमारे वीस किलोमीटरवर सोनगीर लागते. टेकडीवरचा जुना किल्ला आणि तांब्या-पितळेची भांडी या दोन गोष्टींसाठी हे गाव खानदेशात ओळखले जाते. तिसरी ओळख रस्त्याची. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ म्हणजे देशातील मालवाहतुकीची एक प्रमुख धमनी. फेरक्रमांकनानंतर या पट्ट्यात त्याला ५२ हा क्रमांक मिळाला. धुळ्याला याच रस्त्याला सुरत-कोलकाता महामार्ग (पूर्वीचा ६, आताचा ५३) छेदतो. साहजिकच मालट्रकच्या बदलत्या रूपाचा इतिहास या परिसराच्या डोळ्यांदेखत घडला. लांब नाकाचे बॉनेटचे ट्रक गेले, सपाट तोंडाचे आले, लाकडी केबिनच्या जागी कारखान्यात घडलेली पोलादी केबिन आली. गेलेल्या ट्रकची मापे मात्र फारशी कोणी नोंदवून ठेवली नाहीत. प्रमाणबद्ध प्रतिकृती बनविण्याचा छंद या ठिकाणी केवळ छंद राहत नाही. तो दस्तऐवजाचे काम करतो.

खेळणे आणि प्रतिकृती

बाजारातला खेळण्यातला ट्रक मुलाच्या हाताला सोसेल अशा बेताने बनविलेला असतो. चाके जाड, केबिन थोडी फुगीर, हौदा आखूड. प्रतिकृतीत मूळ वाहनाचे प्रत्येक माप एकाच प्रमाणात लहान केलेले असते. १:२४ म्हणजे मूळ वस्तूच्या चोविसाव्या हिश्शाएवढी. सहा मीटर लांबीचा ट्रक या प्रमाणात २५ सेंटिमीटरचा होतो, तर १:२५ मध्ये २४ सेंटिमीटरचा. रेल्वेच्या प्रतिकृतींसाठी सर्वाधिक रूढ असलेल्या १:८७ मध्ये तोच ट्रक जेमतेम सात सेंटिमीटर भरतो आणि रेडिओ-नियंत्रित ट्रकच्या १:१४ या प्रमाणात जवळजवळ ४३ सेंटिमीटर. बांधकामयंत्रे व अवजड वाहनांच्या ओतीव धातूच्या प्रतिकृतींत १:५० हे प्रमाण प्रचलित आहे.

प्रमाण कोणते निवडायचे, हे घरातली जागा, दृष्टी आणि सुटे भाग यांवर ठरते. महाराष्ट्रात लहान प्रमाणातील प्रतिकृतींचे जग पाहायचे असेल तर पुण्यातील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय हे सर्वांत परिचित ठिकाण होय. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात रेल्वेबरोबर रस्ते, वाहने, इमारती असे संपूर्ण नगरच उभे केलेले आहे. प्रत्यक्ष जुनी वाहने पाहायची असतील तर हरियाणातील तावडू येथील हेरिटेज ट्रान्स्पोर्ट म्युझियम उपयोगी पडते.

कोणता ट्रक ?

परदेशी कंपन्यांच्या जोडणी-संचांत युरोपीय व अमेरिकन ट्रकांचाच भरणा असतो. इटलीची इटालेरी ही कंपनी १:२४ मध्ये युरोपीय ट्रकांसाठी, अमेरिकेची एएमटी १:२५ मध्ये अमेरिकन ट्रकांसाठी आणि जपानची टामिया १:१४ मधील रेडिओ-नियंत्रित ट्रकांसाठी नावाजलेली आहे. मुंबई-आग्रा रस्त्यावर धावलेला ट्रक मात्र यांच्या खोक्यातून थेट निघत नाही.

टेल्को आणि जर्मनीची डेमलर-बेंझ यांच्यात १९५४ मध्ये करार झाला व जमशेदपूर येथे टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक तयार होऊ लागले. हे सहकार्य १९६९ पर्यंत टिकले. त्यानंतर पुढच्या जाळीवरील तीन टोकांच्या ताऱ्याची जागा टाटांच्या 'टी' या अक्षराने घेतली. म्हणजे बॉनेट तेच, पण बोधचिन्ह वेगळे. १९७५ च्या ट्रकवर तारा बसविला तर जाणकार चूक लगेच पकडतो. दुसरा मोठा वंश अशोक लेलँडचा. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या अशोक मोटर्सला हे नाव १९५५ मध्ये मिळाले.

यात आणखी एक मेख आहे. कारखान्यातून अनेकदा फक्त सांगाडा, इंजिन व पुढचा दर्शनी भाग येई. केबिन आणि हौदा स्थानिक सुतार-लोहार बांधत. त्यामुळे एकाच वर्षी, एकाच कारखान्यातून निघालेले दोन ट्रक खानदेशात व पंजाबात वेगळे दिसत. 'टाटाचा ट्रक' असे एकच एक रूप नव्हतेच. ज्याची प्रतिकृती करायची तो एक विशिष्ट ट्रक, एक विशिष्ट वर्ष आणि एक विशिष्ट प्रदेश निश्चित करणे ही पहिली पायरी होय.

मापे कशी मिळवावीत ?

मूळ वाहन उभे असेल तर मोजपट्टी, वही आणि मालकाची परवानगी एवढे पुरते. दोन आसांमधील अंतर, सांगाड्याच्या दोन पट्ट्यांमधील अंतर, चाकाचा व्यास, केबिनची उंची व रुंदी ही पाच मापे आधी घ्यावीत. बाकीची त्यांच्या आधाराने जुळविता येतात.

केवळ छायाचित्र हाती असेल तर त्यातील एखादी ज्ञात मापाची वस्तू शोधावी. टायर हा चांगला आधार. ९.००-२० या मापाच्या टायरचा बाहेरील व्यास सुमारे १०१८ मिलिमीटर असतो. १:२४ मध्ये तो ४२.४ मिलिमीटर होतो. अलीकडच्या ट्रकसाठी नंबरप्लेट उपयोगी पडते. अवजड वाहनांच्या पाटीचे नियमातील माप ३४० गुणिले २०० मिलिमीटर आहे, म्हणजे प्रतिकृतीवर १४.२ गुणिले ८.३. छायाचित्र स्वतः घ्यायचे असल्यास वाहनाच्या अगदी समोर किंवा काटकोनात बाजूला, शक्य तितके दूर उभे राहून घ्यावे. जवळून घेतलेल्या चित्रात पुढचा भाग अवास्तव मोठा दिसतो व सगळा हिशेब चुकतो.

१:२४ आणि १:२५ यांतला फरक किरकोळ वाटतो. पण १:२५ ची चाके १:२४ च्या ट्रकला लावली तर व्यास दीड मिलिमीटरहून अधिक कमी भरतो आणि ट्रक खाली बसल्यासारखा दिसतो. मिरर, दिवे यांत असा फरक खपून जातो. चाके आणि केबिन यांत तो खपत नाही.

न मिळणारे भाग

या छंदाची खरी कसोटी सुट्या भागांत असते. परदेशी भाग मागविणे गेल्या काही वर्षांत महागले आहे. प्रतिकृती व जोडणी-संच सीमाशुल्काच्या दृष्टीने खेळण्यांच्याच वर्गात मोडतात. खेळण्यांवरील शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू झाला. या धोरणाने देशी खेळणी उद्योगाला आधार मिळाला. मात्र मोजक्याच प्रती खपणाऱ्या संचाची वाट बिकट झाली. म्हणूनच हाताशी असलेल्या वस्तूंकडे वेगळ्या नजरेने पाहण्याची सवय इथल्या छंदिष्टाला लावून घ्यावी लागते.

सायकलचा आरा साधारण दोन मिलिमीटर जाडीचा असतो. १:२४ मध्ये तो ४८ मिलिमीटरच्या नळीचे काम करतो. १८ गेजच्या नव्या इंजेक्शनच्या सुईचा बाहेरील व्यास १.२७ मिलिमीटर, म्हणजे मूळ ३० मिलिमीटरची नळी. फ्यूजच्या तारेतून ब्रेकच्या बारीक नळ्या, रिफिलच्या पितळी टोकातून एअर हॉर्न, घड्याळजीच्या डबीतून स्क्रू, जुन्या छत्रीच्या काड्यांतून ताडपत्रीच्या कमानी मिळतात. इलेक्ट्रॉनिक भाग व बारीक दिव्यांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड, जुनी ओतीव खेळणी व मोडके संच यांसाठी चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार ही ठिकाणे वर्षानुवर्षे धुंडाळली जातात. मोडलेला संच स्वस्तात मिळाला तर त्यातून इंजिन, आस व चाके हाती लागतात आणि केबिन स्वतः घडविता येते.

पितळेची शिकवण

पातळ प्लॅस्टिकचा पत्रा, म्हणजे पॉलिस्टिरीन, कापायला सोपा असतो. बॉनेट, मडगार्ड यांसारखे दुहेरी वक्राकार भाग मात्र त्यातून सहज निघत नाहीत. इथे तांबटाची विद्या कामाला येते. सोनगीरसारख्या गावांत पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या भांडी घडविण्याच्या रीतीचे सूत्र साधे आहे : पत्रा तापवून मऊ करायचा, साच्यावर अथवा ऐरणीवर हलक्या हाताने ठोकत आकार द्यायचा, ठोकून कडक झाला की पुन्हा तापवायचा. हंड्याचा काठ आणि ट्रकच्या मडगार्डचा वळसा यांत धातूच्या दृष्टीने भेद नाही. ०.२ मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा सागवानी ठोकळ्यावर याच पद्धतीने वळविता येतो.

सांगाड्यासाठी पितळ उत्तम, कारण त्याला डाख चांगला बसतो. ६० टक्के कथील व ४० टक्के शिसे असलेला डाख १९० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. जोड स्वच्छ घासलेला असावा आणि उष्णता डाखाला नव्हे, धातूला द्यावी. शिशाच्या वाफा व धूर टाळण्यासाठी खिडकी उघडी ठेवावी, काम संपल्यावर हात धुवावेत. मागील कमानपाटे पितळी पट्ट्यांचे थर लावून करतात. मूळ पाटा ७० मिलिमीटर रुंद असेल तर पट्टी २.९ मिलिमीटरची हवी.

एकाचे दहा

दहा चाकी ट्रकला सारख्या दहा रिम लागतात. त्या दहा वेळा घडविण्यापेक्षा एक उत्तम नमुना करून सिलिकॉन रबराचा साचा घेणे आणि त्यात पॉलियुरेथेन रेझिन ओतणे हा मार्ग रूढ आहे. मिश्रणाचे प्रमाण काटेकोर ठेवावे, हातमोजे घालावेत आणि रेझिन घासताना मास्क वापरावा. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. आता त्रिमितीय छपाईमुळे संगणकावर काढलेला भाग हव्या त्या प्रमाणात छापून घेता येतो. यंत्र घरी नसले तरी मोठ्या शहरांतील छपाई-सेवा फाइलवरून भाग काढून देतात. अर्थात फाइलमधील मापे चुकली असतील तर यंत्र ती चूक तितक्याच निष्ठेने छापते. दुसऱ्याने बनविलेल्या भागाचा साचा घेऊन विक्री करणे मात्र छंदातील अप्रामाणिकपणा मानला जातो.

रंग, अक्षरे आणि काळ

रंगकामात नियमपुस्तकही उपयोगी ठरते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये राष्ट्रीय परवान्याच्या ट्रकसाठी सुकलेल्या पानाचा तपकिरी रंग, ३० सेंटिमीटर रुंदीची पांढरी किनार आणि ६० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात 'नॅशनल परमिट' ही अक्षरे विहित केली होती. १:२४ मध्ये किनार १२.५ मिलिमीटर व वर्तुळ २५ मिलिमीटर.

नोंदणी क्रमांकातही काळ दडलेला असतो. 'एमएच-१८' धुळ्याचा, 'एमएच-१९' जळगावचा; पण ही पद्धत १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतरची. सत्तरच्या दशकातील ट्रकवर ती चालत नाही. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला, त्यामुळे 'एमएच-३९' त्याआधीच्या ट्रकवर नको. मागच्या फाळक्यावरील 'हॉर्न ओके प्लीज' या मजकुरावर महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंदी आली. त्यानंतरचा ट्रक दाखवायचा तर हेही ध्यानात ठेवावे लागते. गोंडे, लिंबू-मिरची, काळी बाहुली या गोष्टी शेवटी येतात, आणि त्या मोजक्याच असाव्यात.

वेळ थोडा आहे

२०२१ मध्ये जाहीर झालेल्या वाहन मोडीत धोरणाने जुन्या ट्रकच्या भंगाराला वेग दिला. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीचे झाले आहे. दोन्ही निर्णय रस्त्यावरील सुरक्षा, हवा आणि चालकाचे हाल यांचा विचार करता योग्यच आहेत. त्यांचा एक परिणाम असा, की स्थानिक कारागिराने बांधलेली लाकडी केबिन आता इतिहासजमा होत आहे. ती बांधणाऱ्यांनी नकाशे काढले नव्हते. मापे त्यांच्या हातात होती. जी अवस्था तांबटाच्या हातोडीची, तीच केबिन बांधणाऱ्या सुताराच्या रंध्याची.

म्हणून ज्यांना प्रतिकृती करायची आहे त्यांनी संच मागविण्याआधी एक काम करावे. महामार्गालगतच्या एखाद्या ट्रकतळावर किंवा गॅरेजमागे गवतात उभा असलेला जुना ट्रक शोधावा, मालकाला विचारून त्याची मापे घ्यावीत, चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत आणि तारीख व गाव लिहून ठेवावे. प्रतिकृती पुढच्या वर्षीही करता येईल. तो ट्रक तोवर तिथे असेलच असे नाही.