इगर्जीच्या सावलीतली शाळा

महाराष्ट्रातील शिक्षणाचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे आपण बहुधा एल्फिन्स्टनसाहेबापासून प्रारंभ करतो. एल्फिन्स्टन १८१९ साली मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्यानंतर सरकारी शाळा, छापील पुस्तके, परीक्षा यांचे युग आले, हे खरेच आहे. परंतु याच किनाऱ्यावर, चार पावले दक्षिणेस, त्यापूर्वी सुमारे पावणेतीनशे वर्षे एका निराळ्या प्रकारच्या प्राथमिक शाळा सुरू झाल्या होत्या. गोव्यात चर्चला 'इगर्ज' म्हणतात. त्या इगर्जीच्या सावलीत, गावच्या पाद्र्याच्या देखरेखीखाली चालणाऱ्या या शाळांची हकिकत आज आम्ही श्रोत्यांपुढे ठेवणार आहोत. त्या शाळांत कोणते धडे शिकवीत, हा आमचा मुख्य प्रश्न नाही. त्या शाळांनी गावाचा उत्सव कसा घडविला, आणि उत्सवाने त्या शाळा कशा घडविल्या, हे आम्हांस पाहावयाचे आहे. कारण लहान मूल समाजात प्रवेश करते ते पाटीपेन्सिलीपेक्षा उत्सवाच्या दारातून, असे आमचे मत आहे. आणि त्या दारात कोणाला घेतात, कोणत्या भाषेत बोलावतात, यावर पुष्कळ गोष्टी ठरतात.

प्रारंभ मात्र सुखाचा नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवे घेतले. पुढे १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली आणि १५४१ साली त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न नव्या धर्माच्या कार्याकडे वळविण्यात आले. त्याच वर्षी गोव्यात जे विद्यालय निघाले, तेच पुढे सेंट पॉलचे कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आले. म्हणजे ज्या पैशावर नंदादीप तेवत होते, त्या पैशावर नवी विद्या उभी राहिली. ही गोष्ट झाकून पुढे जाणे इतिहासाला शोभणार नाही. आणि केवळ तेवढीच सांगून थांबणे हेही न्यायाचे होणार नाही.

६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरला. हातात लहानशी घंटा घेऊन तो रस्त्यारस्त्याने फिरे, मुले व गुलाम गोळा करी आणि त्यांना घेऊन देवालयात जाई. तेथे तो प्रार्थना सांगे आणि मुले त्या एका सुरात म्हणत. धर्मतत्त्वे गाऊन घ्यावयाची, म्हणजे ती तोंडी बसतात आणि मुले ती घरी नेतात, अशी त्याची पद्धत होती. आपल्याकडे पंतोजी पाढे म्हणून घेत, त्याहून ही रीत फारशी वेगळी नव्हे. या धर्मशिक्षणाला गोव्यात 'दोतोर्न' म्हणतात. घंटा, मुलांचा घोळका आणि सुरात म्हटलेली दोतोर्न, एवढ्या साहित्यावर ही शाळा उभी राहिली. १५४५ च्या सुमारास व्हिकार जनरल मिगेल वाझ याच्या काळात ठिकठिकाणच्या इगर्जींना अशा शाळा जोडण्याचे धोरण ठरले.

या शाळांत वाचन, लेखन आणि थोडे गणित असे. पण त्यांचे खरे वैशिष्ट्य संगीत हे होते. त्याचे कारण व्यवहारी आहे. मिस्सेची उपासना लॅटिनमध्ये होई. फेस्ताच्या म्हणजे वार्षिक उत्सवाच्या दिवशी ती गाऊन करावी लागे. युरोपातून गायक आणून गावोगाव पुरविणे शक्य नव्हते. तेव्हा गावचीच मुले तयार करावी लागली. गाणाऱ्या मुलाला लॅटिन अक्षरे वाचता आली पाहिजेत आणि स्वरलिपीही वाचता आली पाहिजे. म्हणून बाराखडी आणि सारेगम या दोहोंचे धडे एकाच बाकावर मिळू लागले. शिकविणारा 'मेस्त' हा शाळेचा मास्तरही असे आणि इगर्जीच्या गायकवृंदाचा चालकही असे. (सुतारास व गवंड्यास लावतो तो आपला मेस्त्री शब्द त्याच पोर्तुगीज मूळाचा.) सकाळी वर्गात, संध्याकाळी तालमीला आणि रविवारी वेदीपाशी अशा तिन्ही ठिकाणी मुलाला तोच गुरू भेटे.

या शिक्षणाचे फळ किती दूरवर गेले, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. गोव्यातील गावागावांतून व्हायोलिन वाजविणारी, स्वरलिपी वाचणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या निपजली. पोटासाठी ती मुंबईस आली, बँडात शिरली, मूकपटांच्या थिएटरांत वाजवू लागली आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदाचा कणा बनली. माजोर्डे येथे १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीच. त्यांचे वडील गावच्या इगर्जीत गायकवृंद चालवीत. मुंबईत प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांच्यापाशी शिकले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तील गाण्यामुळे त्यांचे नाव घराघरांत गेले. ते नाव एका खऱ्या शिक्षकाचे आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक होते.

आता भाषेकडे वळू. १५७९ साली थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यास आला. आपण त्याला फादर स्टीफन्स म्हणून ओळखतो. साष्टीत राहून त्याने येथील भाषा आत्मसात केली. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांपाशी पूर्वीची पुराणे उरली नव्हती आणि नवी कोणी दिली नव्हती. ती उणीव जाणून त्याने मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली छापून निघाले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ इगर्जींतून वाचला जाई. त्याच स्टीफन्सने कोंकणीत प्रश्नोत्तररूप दोतोर्न लिहिली. ती त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ साली, राशोल येथे प्रसिद्ध झाली. मुलाने उत्तर द्यावयाचे ते त्याच्या घरच्या बोलीत, हे तत्त्व त्या लहानशा पुस्तकात स्पष्ट दिसते.

हे तत्त्व टिकते तर पुढचा इतिहास निराळा झाला असता. परंतु २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. घरातली भाषा हुकुमाने मरत नाही. कोंकणी मेली नाही. पण शाळेची भाषा एक, घरची दुसरी आणि वेदीवरची, म्हणजे लॅटिन, तिसरी, अशी तीन तोंडे एका लहान मुलाला सांभाळावी लागली. वेदीपाशी सेवा करणारा आठनऊ वर्षांचा मुलगा लॅटिन उत्तरे बिनचूक देई आणि त्यांचा अर्थ त्याला ठाऊक नसे. आमच्या मुंजीतला बटूही संध्येचे मंत्र बहुशः असेच म्हणत आला, तेव्हा आम्हांस हसण्याचे कारण नाही.

असे असताना उत्सवाने गावाला धरून ठेवले ते कसे? त्याचे उत्तर वर्षाच्या चक्रात आहे. जूनच्या २४ तारखेस सांजांव येतो. तेव्हा पावसाने भरलेल्या विहिरींत पोरे फुलांचे मुकुट घालून उड्या घेतात. ऑगस्टमध्ये कणसांचे फेस्त होते. भाताची पहिली लोंबी पाद्री आशीर्वादून देतो. राय गावी ते ५ तारखेस आणि ताळगावी २१ तारखेस असते. आपल्या नव्याच्या पौर्णिमेशी त्याचे नाते कोणासही ओळखता येईल. डिसेंबरच्या ३ तारखेस जुन्या गोव्यात झेवियरचे फेस्त होते, पाठोपाठ नाताळ येतो आणि मुले घरोघर गोठा मांडतात. ६ जानेवारीस तीन राजांचा सण येतो. चांदर आणि कासावली येथे त्या दिवशी गावातील तीन मुलगेच राजे होतात, मुकुट घालून मिरवणुकीने निघतात, आणि सारा गाव त्यांच्या मागून चालतो. ज्या मुलाने काल वर्गात छडी खाल्ली, त्याच्यापुढे आज गाव वाट सोडतो. समाजाचा घटक होणे म्हणजे काय, हे त्या मुलाला याहून अधिक चांगले कोण शिकविणार?

पण याच उत्सवाची दुसरी बाजूही आहे. फेस्त साजरे करण्याचा मान आणि त्याचा खर्च ज्या मंडळांकडे असे त्यांना 'कॉन्फ्रारिया' म्हणत. धर्म बदलला तरी जात बदलली नाही. कित्येक गावांत ही मंडळे जातवार होती, त्यांच्या मिरवणुकीतील झग्यांचे रंगही ठरलेले होते, आणि अमुक रंग अमक्यांनीच घालावा यावरून तंटे झाले. शाळेच्या बाकावर सारी मुले शेजारी बसत. पण त्यांचे बाप मिरवणुकीत एका रांगेने चालू शकत नसत.

या पार्श्वभूमीवर १९१० सालची एक घटना आम्हांस फार महत्त्वाची वाटते. त्या वर्षी ८ ऑगस्ट रोजी पोप दहावा पायस याच्या अमदानीत एक आज्ञापत्र निघाले. मुलाला पहिला प्रसाद देण्याचे वय तोवर दहा ते चौदा वर्षांपर्यंत लांबविले जाई. ते सुमारे सात वर्षांवर आणावे, असे त्यात सांगितले होते. ख्रिस्ताचे शरीर म्हणून भाकरीचा हा प्रसाद घेण्याच्या विधीस गोव्यात 'पयलो कुमगार' म्हणतात. वय खाली येताच हा संस्कार थेट प्राथमिक शाळेच्या वर्गात आला. महिनोन्‌महिने दोतोर्नची तयारी व्हावी, प्रार्थना पाठ व्हाव्यात, आणि ठरल्या दिवशी संपूर्ण वर्ग पांढरी वस्त्रे घालून, हातात मेणबत्ती घेऊन वेदीपुढे यावा, असा परिपाठ पडला. गरिबाच्या घरी त्या पांढऱ्या कपड्यांचा बोजा पडे, हे खरे. तथापि ज्या गावात बापांच्या झग्यांचे रंग वेगळे होते, त्या गावात मुलांच्या कपड्यांचा रंग एक झाला! जातिभेद त्यामुळे नाहीसा झाला, असे आम्ही म्हणत नाही. पण एका रांगेत, एका वेषात, एकच भाकरी घेणारी मुले आईबापांनी डोळ्यांनी पाहिली, ही गोष्ट लहान नव्हे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि शाळांतून पोर्तुगीज गेली. ४ डिसेंबर १९६३ रोजी रोम येथील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषा वापरण्यास वाट करून दिली आणि वेदीवरून लॅटिन उतरली. तीनशे वर्षांनी घर, शाळा आणि वेदी यांची भाषा एक होण्याची संधी आली. वेदीवर कोंकणी आली. शाळेत मात्र पुष्कळ ठिकाणी इंग्रजी येऊन बसली. १९९० साली गोवा सरकारने ठरविले की, प्रादेशिक भाषेत शिकविणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान मिळेल. तेव्हा चर्चच्या अनेक शाळा कोंकणी माध्यमाकडे वळल्या. परंतु पाठ्यपुस्तक देवनागरीत आणि प्रार्थनेचे पुस्तक रोमी लिपीत, अशी नवी फाळणी झाली. २०११ साली इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान खुले झाले, त्यावरून मोठे आंदोलन पेटले, आणि चर्चच्या शाळा पुन्हा इंग्रजीकडे गेल्या. आईबापांना मुलाच्या नोकरीची चिंता होती, भाषाप्रेमींना भाषेच्या भवितव्याची होती. दोन्ही चिंता खऱ्या होत्या. मात्र सात वर्षांचे मूल पहिल्या कुमगाराला ज्या भाषेत देवाशी बोलते, त्या भाषेत त्याला वाचता यावे की नाही, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

याच्या उलट उदाहरण आमच्या वसईचे आहे. तेथील ख्रिस्ती समाजात मिस्सा मराठीत होते, भजने मराठीत होतात आणि चर्चच्या मराठी शाळांतून पिढ्या शिकून निघाल्या. प्रार्थना आणि पाठ्यपुस्तक यांची लिपी एकच राहिली. त्याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, यात आम्हांस योगायोग दिसत नाही. इंग्रजीची ओढ आता वसईलाही लागली आहे, हेही नमूद केले पाहिजे.

शेवटी एक गोष्ट सांगावयाची राहिली. आज या शाळांच्या बाकांवर केवळ ख्रिस्ती मुले बसत नाहीत. शेजारी हिंदू आणि मुसलमान मुले असतात. राज्यघटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्यांकांस आपल्या शाळा चालविण्याचा हक्क दिला आहे. आणि २८ व्या अनुच्छेदाने असेही सांगितले आहे की, सरकारी मान्यतेच्या वा मदतीच्या शाळेत कोणाही मुलास पालकांच्या संमतीवाचून धर्मशिक्षण वा उपासना यांत ओढता येणार नाही. म्हणून दोतोर्नच्या तासाला इतर मुले नीतिशिक्षणास बसतात. नाताळचा गोठा मांडताना मात्र ती वेगळी बसत नाहीत. आणि चतुर्थीला शाळा बंद असते, तेव्हा ख्रिस्ती मुलेही शेजारच्या माटोळीखालचा गणपती पाहून येतात. ज्या शाळेचा प्रारंभ देवळांच्या जमिनींवर झाला, ती शाळा चतुर्थीला सुटी देते, हा जवळजवळ पाच शतकांचा प्रवास आहे.

झेवियरची घंटा मुलांना एकत्र बोलावण्यासाठी वाजत होती. घंटा अजून वाजते. बोलावणे कोणाला आहे आणि कोणत्या भाषेत आहे, याचे उत्तर प्रत्येक पिढीने नव्याने दिले आहे. आमच्या पिढीलाही ते द्यावे लागेल, एवढे सांगून आम्ही हा विषय संपवितो.